दुसरी वेणी

आई चार घरची भांडी घासायची, तेव्हा कुठे मी घरातली पहिली पदवीधर झाले. तरी कुटुंब न्यायालयाच्या बाकावर लेकीच्या केसांचे पेड माझ्या हातून सारखे सुटत होते. सात वर्षांच्या मनूची एकच वेणी झाली आणि न्यायाधीशबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. कोणाकडे राहायचंय, ते विचारायला.

"शिकलेल्या बाईला वेण्याही जमेनात?" तिचे बाबा समोरच्या बाकावरून म्हणाले.

मी बंद दाराकडे बघत राहिले. वेण्या दोन बाजूंना ओढल्या, तरी दुखतं ते एकच डोकं.

मनू बाहेर आली आणि थेट त्यांच्यापुढे बसली.

"बाबा, दुसरी तू घाल."

त्यांनी वाकडीतिकडी घातली. मी ती सोडून पुन्हा घातली नाही.

पुढच्या तारखेला निकाल लागला. मनू माझ्याकडे राहते, रविवारी बाबांकडे जाते.