स्पीकरांचं अतिक्रमण

मी पत्रकं लिहितो. राहतो पार्से गावात, आणि पेडणे तालुक्यात जिथे डोंगर कापला जातो, बागायत विकली जाते, जमिनीचा झोन गुपचूप बदलतो, तिथे माझं पत्रक पोचतं. एक पान, ठळक अक्षरं, शेवटी तीन उद्गारचिन्हं. लोक ते वाचतात की त्यात काजू बांधतात, हे मी कधी तपासलेलं नाही. चळवळीत असले प्रश्न विचारून चालत नाही.

तर अशा या माणसाने गेल्या पावसाळ्यात स्वतःच्याच घरात अतिक्रमण केलं.

सुरुवात मोरजीत झाली. तिथल्या कर्कश पार्ट्यांविरुद्ध आम्ही दारोदार पत्रकं वाटत होतो. किनारा कासवांचा आहे, डीजेचा नाही, वगैरे. एका भाड्याच्या घरात एक म्हातारा विदेशी गृहस्थ सामान बांधत होता. त्याने पत्रक हातात घेतलं, उलटं धरलं आणि मला आत बोलावलं. मी तावातावाने आत गेलो. दोन शिव्या तरी घालाव्यात असा विचार होता. त्याने मला एका खुर्चीत बसवलं आणि समोर ठेवलेल्या, कमरेएवढ्या उंच दोन स्पीकरांवर एका बाईचं गाणं लावलं. भाषा कळली नाही. पण ती बाई दोन स्पीकरांच्या मधोमध, रिकाम्या हवेत उभी होती. मी बोट दाखवून सांगू शकलो असतो, इथे तिचं तोंड, इथे तिचा हात. आवाज मोठा नव्हता. फक्त खरा होता.

संध्याकाळी मी ते स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडून विकत घेऊन, टेम्पोत घालून घरी आलो. कासवांचा मुद्दा राहूनच गेला.

आमच्या घरात आई, बाबा, काकी आणि मी. काका जहाजावर असतात, वर्षातून एकदा उगवतात. घराला एकच मोठा हॉल आहे आणि त्या हॉलवर त्या वर्षी काकीने आधीच हक्क सांगितला होता. काकी गावातल्या बायकांच्या फुगडी पथकाची म्होरकी. दरवर्षी त्यांचा सराव देवळाच्या मंडपात व्हायचा. यंदा मंडपाचं छप्पर उतरवलं होतं, बाहेर धो धो पाऊस, म्हणून सराव आमच्या हॉलात. आणि यंदाचा सराव साधा नव्हता. पथक पहिल्यांदाच तालुक्याबाहेर, डिचोलीच्या स्पर्धेत उतरणार होतं. काकी साठीला टेकलेली. तिचे गुडघे आता तिचं ऐकेनासे झाले होते.

“यंदा नाचतलंय,” ती आईला म्हणायची, “फुडल्या वर्साचा गुडघ्यांक इचार.”

हे सगळं मला माहीत होतं. मी घरातच राहतो, कान शाबूत आहेत.

स्पीकर आल्यावर मी ते भिंतीला लावून ठेवले. “तात्पुरते आहेत,” मी म्हणालो. हा शब्द मी कितीतरी बिल्डरांच्या तोंडून ऐकलाय आणि दर वेळी त्यावर जळजळीत परिच्छेद लिहिलाय.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यातून कळलं की स्पीकर भिंतीला चिकटवले की आवाज पिंपात बोलल्यासारखा फुगतो. ते भिंतीपासून चांगले मीटरभर पुढे ओढावे लागतात. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. मी बॅनर बांधायची सुतळी काढली, मापं घेतली, स्पीकर पुढे ओढले, आणि वोल्तेर, म्हणजे लांब हातांची आमची जुनी आरामखुर्ची, हॉलच्या बरोबर मध्यावर आणून ठेवली. सुतळी जमिनीवर चिकटवून टाकली, म्हणजे झाडताना कोणी काही हलवणार नाही.

आता हॉलात त्रिकोण होता आणि त्रिकोणाच्या कडेने जायला वाट होती. आई डाळीचं भांडं घेऊन त्या वाटेने जाताना अंग चोरायची. बाबांनी एकदा डोकावून बघितलं आणि काजूच्या बागेत निघून गेले. घरात वाद होणार असं दिसलं की त्यांना बागेत काम सुचतं.

एवढं करूनही ती बाई हवेत उभी राहीना. आमचा हॉल म्हणजे उघड्या भिंती, टाइल्सची जमीन, वर स्लॅब. गाणं लावलं की आवाज चारही भिंतींवर आपटून परत यायचा. मी हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवायचो आणि घुमतंय कुठे ते ऐकायचो.

“टाळयो कोणाक मारतंस रे पुता?” काकी स्वयंपाकघरातून ओरडली. “भाषाण सोंपला?”

मी भिंतीला गोधड्या टांगल्या. अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले. आई म्हणाली, कोंबड्या पाळणार असशील तर सांग. आवाज तसाच.

आणि मग सरावाचा पहिला दिवस आला. बायका पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि आत बघतच राहिल्या.

“काकी, ह्या काय? आमी नाचतलंव खय?” शेजारच्या वहिनीने विचारलं. ती सावंतवाडीकडची, जिभेला धार.

“माझ्या पुतण्याक इचारा,” काकी म्हणाली. “हय झोन बदल झालो आसा.”

ती जमिनीवर बसली. बाकीच्याही बसल्या. आईने चहा आणि कालचे उंडे, म्हणजे गोल कडक पाव, आणले आणि बघता बघता आमच्या हॉलात ग्रामसभा भरली. मी ग्रामसभांमध्ये उभा राहून माइक हिसकावून घेतलेला माणूस. पण हिसकावायला इथे माइक नव्हता.

“सुनावणी घेतलंस?” वहिनीने विचारलं.

“कसली सुनावणी?”

“लोकांची. तूच लिवतंस मां, लोकांक इचारल्याशिवाय एक दगड हलवूचो नाय म्हणान?”

“हा दगड नाही, हे स्पीकर आहेत.”

“दगडापेक्षा जड आसत,” काकी म्हणाली. “बाजूक सरकव.”

मी बोललो. बरंच बोललो. आवाज म्हणजे काय, चांगलं ऐकणं हा प्रत्येकाचा कसा हक्क आहे, आपल्या समाजात ऐकण्याची कशी उपेक्षा झाली आहे. मध्येच म्हणालो, ऐकाच तुम्ही, आणि गाणं लावलं.

आणि ती बाई उभी राहिली. दोन स्पीकरांच्या मध्ये, देवाच्या फोटोच्या थोडी खाली, स्पष्ट. एकही घुमारा नाही. मी वोल्तेरात ताठ झालो. “ऐका! ऐका!” मी ओरडलो. बायकांनी चहात उंडो बुडवला.

“बरा गायता,” एक म्हणाली. “पण हिका दम कमी आसा. आमच्या काकीसारको नाय.”

शेवटी तडजोड झाली. तडजोड हा शब्द मी पत्रकात फक्त ‘नाही’च्या आधी वापरतो, पण तेव्हा गोड वाटला. त्रिकोण राहील, अर्धा हॉल माझा. उरलेल्या अर्ध्यात फुगडी. बायका त्या अर्ध्यात उठून उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा, आणि गोल धरला. गोल कसला, लाडू होता. एकीचा हात दुसरीच्या तोंडावर. तरी नाचल्या. मी वोल्तेरात बसून होतो आणि एक गुंतागुंतीचा प्रश्न शांततेने सोडवल्याबद्दल स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या सकाळी रिकाम्या हॉलात तेच गाणं लावलं. परत विहिरीतल्यासारखा घुमारा. बाई गायब.

विचार करता करता जेवणाची वेळ झाली. हॉल तोच, भिंती त्याच, स्पीकर सूतभर हलले नव्हते. फरक एवढाच की काल तिथे दहा-बारा बायका नऊवारी आणि सहावारी नेसून बसल्या होत्या. कापड आणि माणसं आवाज पितात. माझ्या गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे जे करू शकले नाहीत ते या बायकांनी बसल्याबसल्या, उंडे खात केलं होतं.

शहाण्या माणसाला यातून काहीतरी कळलं असतं. मला जे कळलं ते घेऊन मी संध्याकाळी काकीकडे गेलो. म्हटलं, सराव झाला की तुम्ही सगळ्या अर्धा तास इथे बसा ना. इथे चार, भिंतीकडे तीन. बोलू मात्र नका.

काकीने हातातलं काम बाजूला ठेवलं.

“पुता,” ती म्हणाली, “आमी नाचूक येतोंव. तुझे पडदे होवक नाय.”

सराव चालू राहिला, त्या अर्ध्या हॉलात, डिचोलीला जायच्या दिवसापर्यंत. मी रोज बघत होतो. गोल दिवसेंदिवस नीटस होत गेला. कोणाचा हात कोणाला लागेना, पावलं आखूड झाली, घुसमट दिसेना. मला वाटलं, वा, जमलं.

डिचोलीचा रंगमंच मोठा होता, नाटकाचा. आधीच्या पथकांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवला. मग आमचं नाव पुकारलं. काकी पुढे, हिरवी साडी, केसांत अबोली. गाणं उचललं तेव्हा मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला. स्पीकर कशाला हवा असा आवाज. आणि मग त्यांनी गोल धरला, भल्यामोठ्या रंगमंचाच्या बरोबर मध्ये, आमच्या अर्ध्या हॉलाएवढा. एक पाऊल बाहेर नाही. रिकाम्या परातीत एकच पुरी ठेवावी तशा त्या दिसत होत्या. मी पहिल्या रांगेतून हात पसरून खुणा करत होतो, पसरा, पसरा. शेजारच्याला वाटलं मी मच्छर मारतोय.

बक्षीस नाही मिळालं. परीक्षकबाई सौम्यपणे म्हणाल्या की गाणं उत्तम, ठेका उत्तम, पण एवढी जागा असताना तुम्ही आखडलात कशाला?

मिनीबसमध्ये कोणी बोलत नव्हतं. मला शांतता सहन होत नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, हा अन्याय आहे. बाहेरच्या तालुक्याच्या पथकाला डावललंय. मी उद्याच पत्रक काढतो.

“बस खाली,” काकी म्हणाली. “परीक्षकबाय खरा बोलली.”

“पण काकी...”

“आमच्या पायांक जेवढी जमीन दिलंस, तेवढीच ते नाचले. तिचो काय गुन्हो?”

वहिनी खिडकीबाहेर बघत हसली. बाकीच्याही हसल्या, मग काकीसुद्धा. तिने डोळे पुसले ते हसून की कशाने, मी विचारलं नाही. मी खाली बसलो.

आमच्या तालुक्याची दरवर्षीची स्पर्धा, पेडण्याची, पुढच्याच रविवारी होती. घरी पोचल्यावर मी कपडे न बदलता पहिला स्पीकर उचलला. माझ्याने तो हलेना. टेम्पोवाल्याने मदत केली होती ते मी विसरलोच होतो. काकीने दुसरं टोक धरलं. गुडघे दुखत असताना. मी नको म्हटलं तर म्हणाली, “बोलाक तोंड आसा तुका, उचलूक हात खय आसत?”

दोन्ही स्पीकर माझ्या खोलीत आले. खोली एवढीशी. एक स्पीकर पलंगाला चिकटलेला, दुसरा कपाटाला, आणि कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं. समभुज त्रिकोण करायचा तर माझं डोकं खिडकीबाहेर माडावर जाईल.

पेडण्याला काकीचा गोल इतका पसरला की वहिनी रंगमंचाच्या कडेवरून खाली जाता जाता वाचली. तिसरा नंबर आला. काकी घरी येऊन वोल्तेरात बसली, पाय लांब करून, आणि आईने तिच्या गुडघ्यांना तेल लावलं. “फुडल्या वर्सा परत डिचोली,” ती म्हणाली. आईने विचारलं, गुडघे काय म्हणतात? “गुडघ्यांक कोण इचारता?”

पुढच्या डिचोलीचा सराव आतापासूनच सुरू आहे, छप्पर झालं तरी हॉलातच, कारण चहा इथे मिळतो. मी खोलीत गाणं लावतो. आवाज वाईट येतो, पिंपात बोलल्यासारखा. ती बाई कपाटाच्या आत कुठेतरी उभी असावी. आणि ती जरा सुरात आली की दारावर थाप पडते.

“पुता, तुझा ता बारीक कर. आमचो ठेको चुकता.”