आत्याच्या विगची जाहिरात आणि माझं डोकं

माझी आत्या विग बनवते. या धंद्यातली गंमत अशी, की काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला कळत नाही. शिंप्याचं काम अंगावर मिरवता येतं, सुताराचं काम पाहुण्यांना दाखवता येतं. आत्याचं काम डोक्यावर घेऊन माणसं गावभर हिंडतात आणि वर सांगतात, ‘आमच्या घराण्यात केस पहिल्यापासूनच दाट.’

तिची सुरुवात एका नाटकमंडळीत झाली. गेली होती कपडे शिवायला, पण दाढ्या-मिशा करणारे म्हातारे कारागीर आजारी पडले आणि हिच्या हातात आकड्याची सुई आली. जाळीत एकेक केस ओवायचा आणि गाठ मारायची. राजांच्या दाढ्या आणि खलनायकांच्या मिशा करता करता हात बसला. मंडळी मोडल्यावर तिनं गल्लीच्या टोकाला, चार पायऱ्या चढून जावं लागतं अशी एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत लाकडी डोकी मांडलेली, एक आरसा, एक पडदा, एक आरामखुर्ची. बस्स.

तिचा एकच नियम होता. गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर ओळख दाखवायची नाही. त्यामुळे लग्नाकार्यात ती भिंतीसारखा चेहरा करून फिरायची. नातेवाईक बाबांना म्हणायचे, “तुमच्या बहिणीला फार गर्व.” गर्व होताच, पण तो कामाचा. आणि तेच तिचं दुःखही होतं. “इतकी डोकी सजवली,” ती म्हणायची, “पण एका माणसानं चारचौघांत म्हटलं असेल, हे हिनं केलंय, तर शपथ.”

मग मशीनवर बनलेले स्वस्त विग घरपोच यायला लागले. आत्याचं गिऱ्हाईक आटलं. शेजारचा मोबाईल-दुकानवाला तिच्या खोलीवर डोळा ठेवून होता आणि घरमालक गोड बोलून विचारत होता, “ताई, भाडेकरार संपतोय. पुढचं काय ठरवलंत?” आत्यानं ठरवलं, करार संपेपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर सुई ठेवायची आणि मुलीकडे राहायला जायचं. मुलीच्या घरी तिचा जीव दोन दिवसांत गुदमरतो, हे मुलीलाही माहीत होतं.

इथे माझा प्रवेश. मी संगणक शिकलेला. त्यातच ऑनलाईन मार्केटिंगचा एक छोटा कोर्सही केला होता, म्हणजे सगळे व्हिडिओ वेग वाढवून पाहिले होते. कोर्सचं सार एका वाक्यात मावत होतं: छोट्या धंद्यानं फार नटू नये, खरं असेल ते साधेपणानं सांगावं. मला ते तोंडपाठ होतं, म्हणून मी लगेच उलटं केलं. आत्याच्या नावानं पेज उघडलं आणि त्यावर फुकटात मिळालेला, झुलत्या केसांच्या एका मुलीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘तुमचं सौंदर्य, आमचं वचन.’

आत्यानं फोन नाकाजवळ धरला. “ही कोण?”

“मॉडेल आहे.”

“हिचे केस हिचेच आहेत. ही माझ्याकडे कशाला मरायला येईल?”

फोटो काढला. मग म्हटलं, आपल्याला रिव्ह्यू हवेत, खऱ्या माणसांचे. आत्यानं जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. एक निवृत्त बँकवाले म्हणाले, “अवश्य देतो वहिनी, फक्त केसांचा उल्लेख नको.” एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शब्द पाळला आणि पाच तारे देऊन लिहिलं, ‘खुर्ची अत्यंत आरामदायी.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘पाणी थंड मिळालं.’ तिसऱ्यानं पडद्याचा रंग वाखाणला. आठवडाभरात आमच्या पेजवरून असं वाटायला लागलं, की आत्या छोटंसं विश्रामगृह चालवते.

लाईक तर येतच नव्हते. आई, बाबा, आत्येबहीण आणि मी. मी वेळ बदलून पाहिली, फोटोची चौकट बदलली, आलेख काढले. शेवटी आईनंच भाजी निवडताना सांगितलं, “अरे, विगच्या दुकानाला लाईक दिलं की सगळ्यांना दिसतं ना? मग कोण देईल?” मी ते आलेख पुसून टाकले.

आता एकच मार्ग होता. ज्याला लाज नाही असं एक डोकं हवं होतं. माझे केस पदवी हातात येतायेताच निघायला लागले होते. मी छाती फुगवून म्हणालो, “आत्या, मी होतो तुझं गिऱ्हाईक. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि खाली माझं नाव. बघू कोण हसतं ते!”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला स्वतःबद्दल आदर वाटला. मग टेप काढून डोकं मोजलं आणि लहानपणीचा फोटो मागवला. केसांचा भोवरा कुठे होता ते बघायला.

“दोन भोवरे! तरीच लहानपणी कुणाचं ऐकायचा नाहीस.”

“हे पांढरे केस कशाला घालतेस?” ती जाळीत केस ओवत असताना मी विचारलं. “काळेभोरच कर ना.”

“काळाभोर केला की दुरून कळतं. चार पांढरे असले की कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. खरं दिसायला थोडं वाईटही दिसावं लागतं, बाबा.”

विग झाला. तिनं तो चिकटपट्टी लावून पक्का बसवला आणि मला आरशासमोर उभं केलं. आरशात कॉलेजातला मी होतो, फक्त पोट आताचं. फोटो निघाले. सकाळी पोस्ट टाकायची असं ठरलं.

सकाळी मी आधी ऑफिसला गेलो, आणि घोळ तिथेच झाला. आमच्यात एक सहकारी आहे. प्रत्येक गोष्टीची जादा प्रत ठेवतो, म्हणून आम्ही त्याला बॅकअप म्हणतो. तो म्हणाला, “काय रे, दहा वर्षांनी लहान दिसतोयस! काय केलंस?”

“झोप,” मी म्हणालो. “हल्ली लवकर झोपतो.”

हे माझ्या तोंडून का निघालं, देव जाणे. पण निघालं आणि चिकटलं. पलीकडच्या टेबलावरची मुलगी इतके दिवस माझ्या कपाळाशी बोलायची, ती डोळ्यांत बघून बोलली. मग पोस्ट कसली टाकतोय!

“टाकलास का रे फोटो?” आत्या रोज विचारायची.

“सध्या अल्गोरिदम बरोबर नाही.”

“मग कधी बरोबर होईल?”

“लोक सुट्टीच्या दिवशी जास्त बघतात.”

सुट्टी आली. मी म्हणालो, सुट्टीच्या दिवशी लोक बाहेर जातात. त्यानंतर तिनं विचारायचं सोडलं. मला वाटलं, विसरली.

मग एका दुपारी मी बॅकअपबरोबर चहाला बाहेर पडलो आणि समोरून आत्या आली. हातात पिशवी. तिनं मला पाहिलं, बॅकअपला पाहिलं, एकदा माझ्या केसांकडे पाहिलं. आणि भिंतीसारखा चेहरा करून शेजारून निघून गेली.

तिनं मला ज्या कडेवर खेळवलं, त्याच कडेला पिशवी लावून ती चालली होती, आणि मी तिच्यासाठी कुणीतरी बँकवाले झालो होतो.

“ओळखीच्या होत्या का रे?” बॅकअपनं विचारलं. “बघत होत्या तुझ्याकडे.”

“आत्या आहे माझी. सख्खी.”

“मग बोलल्या का नाहीत?”

“कारण हे केस तिनं केलेत,” मी म्हणालो, “आणि तिला वाटलं, मला लाज वाटेल.” शब्दांवर भागलं असतं. पण मला नाट्य सुचलं. भर रस्त्यात विग उतरवून दाखवावा, म्हणून मी पुढून धरून ओढला. निघेना. आत्यानं वादळात टिकेल असा बसवला होता. कपाळाची कातडी वर, भुवया वर, डोळ्यांत पाणी. चहावाला ग्लास घेऊन धावला. “साहेबांना झटका आला का?”

बॅकअप मात्र भलत्याच धक्क्यात होता. “म्हणजे झोपेनं नाही?” तो ओरडला. “अरे, मी रोज जेवण झाल्याझाल्या झोपतोय! बायको डॉक्टरकडे नेणार होती मला!”

तसाच वळून मी गर्दीत “आत्या!” म्हणून हाक मारली. ती थांबली नाही. दुसऱ्यांदा ओरडलो, “आत्या, थांब! हे तूच केलंयस!” अर्धा रस्ता वळून बघत होता. ती थांबली, परत आली, आणि आधी माझं डोकं बघितलं.

“ओढलास ना? समोरची जाळी सैल केलीस. गाढवा.” आणि भर रस्त्यातच तिनं ती नीट बसवायला घेतली.

पोस्ट तिच्याच खोलीत बसून टाकली. नटवलं काहीच नाही. टकलाचा फोटो, विगचा फोटो, मध्ये सुई धरलेले तिचे हात. ‘ही माझी आत्या. हे केस तिनं एकेक करून बांधले. मी ऑफिसात सांगितलं होतं की झोपेनं आलेत. खोटं होतं.’ तिनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा. मग म्हणाली, “माझं पूर्ण नाव लिही, आडनावासकट.”

लाईक आजही मोजकेच आहेत. ऑफिसातल्या सगळ्यांनी हसण्याची चित्रं पाठवली. पलीकडच्या टेबलावरची मुलगी पुन्हा कपाळाशी बोलते, पण आता हसून बोलते. खासगी निरोप मात्र येऊ लागले, उघड एकही नाही. ‘काकू, संध्याकाळी उशिरा आलं तर चालेल का?’ ‘आजारपणात सगळे केस गेले, माप घ्यायला घरी याल का?’ एक निरोप बॅकअपचा होता, त्याच्या मेव्हण्यासाठी. मेव्हण्याचा फोटो पाहिला, तर तो हुबेहूब बॅकअपसारखा दिसत होता.

आत्यानं घरमालकाला फोन लावला. “करार वाढवा. मोबाईलवाल्याला दुसरी खोली बघायला सांगा.”

घरमालकाला आनंद झाला असावा, किंवा पोस्ट त्यानंही वाचली असावी. “उत्तम, ताई. मग पायऱ्यांवर मोठा दिवा लावून देऊ का? दुकान लांबून दिसेल.”

“अजिबात नको,” आत्या म्हणाली. “आता कुठे लोक यायला लागलेत.”