वीरण्णाची साईड

रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा, हे लायसनच्या पुस्तकात एक लिहिलेलं असतं आणि देगलूर-उदगीर रस्त्यावर चालतं भलतंच. पुस्तक म्हणतं, फाट्यावरून येणाऱ्यानं थांबावं, मोठ्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यावं. आणि फाटा जवळ आला की कुणी कुणाला ओलांडू नये. रस्ता म्हणतो, बळी तो कान पिळी. ज्याचं चाक मोठं, डांबर त्याचं. बाकीच्यांनी खाली उतरून धूळ खावी.

वीरण्णाला हे दोन्ही कायदे पाठ होते, पण तो तिसराच पाळायचा. देगलूरचा माल लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नेता नेता त्याची तीस वर्षं स्टिअरिंगवर गेली होती. भरलेल्या ट्रकच्या मागं अडकलेल्याला पुढचं काही दिसत नाही, त्याच्यासाठी आपण बघायचं, ही त्याची रीत. पुढं रस्ता मोकळा दिसला की तो खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा आणि पुढं हलवायचा. जा. मागचा सुसाट निघून जायचा आणि जाता जाता हात वर करायचा. चहाच्या हॉटेलात बोललं जायचं, ‘वीरण्णानं साईड दिली म्हणजे डोळे झाकून निघावं.’ हे ऐकून तो नुसता हसायचा, पण आत सुखावायचा. चांगुलपणाचीसुद्धा माणसाला चटक लागते, दुसरं काय!

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. ट्रकमध्ये सोयाबीनची पोती होती. मागं एक मोटारसायकल बराच वेळ चालत होती. हॉर्न नाही, घाई नाही. तो भीमाशंकर होता, विहिरीवरच्या मोटारी बांधून देणारा कारागीर. पाण्याची जळालेली मोटर म्हटली की आसपासची चार गावं त्याच्याच दारात यायची. देगलूरला एक मोटर बसवून तो तसाच तांब्याची तार आणायला उदगीरला निघाला होता. वीरण्णानं हात दिला. डाव्या अंगाला फाटा होता, उसाच्या आड. समोरचा रस्ता स्वच्छ होता आणि वीरण्णा समोरच बघत होता. भीमाशंकर पुढं आला, उजव्या चाकाशी पोचला, आणि त्याच वेळी फाट्यातून एक पिकअप बाहेर आला. भरलेला ट्रक हळू आहे, तेवढ्यात आडवं निसटू, असा पिकअपवाल्याचा हिशेब. वीरण्णानं ब्रेकवर उभं राहून ट्रक थांबवला. मोटारसायकल त्याला थांबवता येणार नव्हती. भीमाशंकर पिकअपवर आदळला आणि जागीच गेला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा वीरण्णा म्हणाला, ‘मी माझ्या बाजूनं चाललो होतो साहेब. मोटारसायकल मागून आली.’ यातला एकेक शब्द खरा होता आणि जबाब खोटा होता. पिकअपवाल्यावर गुन्हा लागला. पण कागदावर हेही आलं की मयतानं फाट्यावर घाईनं ओव्हरटेक केला. मग लोक काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘पोरगं लई घाईचं होतं म्हणे.’

वीरण्णानं तो रस्ताच सोडला. मुखेडवरून लांबचा फेरा घालून तो लातूर गाठू लागला. पहाटे अंघोळ करून डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसला की फूल वाहायला उचललेला उजवा हात मध्येच थांबायचा. बायको शिवगंगा बघायची आणि चहा ठेवायला जायची. तिला काय सांगावं? चोराच्या मनात चांदणं! त्यातच दुसरे ड्रायव्हर निरोप आणू लागले. ‘त्या पोराचा बाप ग्यानोबा रोज फाट्यावर येऊन बसून राहिलाय, अण्णा. तुमच्या गाडीचा नंबर विचारून राहिलाय.’

तीन महिने त्यानं निरोप गिळले. चौथ्या महिन्यात एका सोमवारी त्यानं ट्रक जुन्या रस्त्याला घातला आणि फाट्यावर उभा केला. लिंबाखाली म्हातारा बसला होता. वीरण्णा खाली उतरला. 

ग्यानोबानं आधी नंबर पाहिला, मग माणूस. ‘या अण्णा. भांडाया न्हाई बसलो मी. एकच इचारायचंय. माझं पोरगं फाट्यावर कुणाला वलांडत नव्हतं. त्या दिशी कसं काय गेलं?’

‘मी हात दिला, बाबा. जा म्हणलं.’

म्हाताऱ्यानं उसाकडं पाहिलं. मग मान हलवली. ‘न्हाई. तेवढ्यानं तो जाणार न्हाई. फाटा त्याला ठावा होता.’

इथं वीरण्णाला गप्प बसता आलं असतं. म्हाताऱ्याच्या हाती दुसरा पुरावा नव्हता. पण जे तो चार महिने स्वतःशीसुद्धा बोलला नव्हता, ते तोंडातून बाहेर पडलं.

‘दोनदा दिला. पयल्यांदा तो आलाच न्हाई, मागंच ऱ्हायला. मला राग आला. मी साईड देतोय आन् हा घेईना! मग जोरात हात केला, जा की म्हणून. तवा आला.’

ग्यानोबानं डोळे मिटले. रागावेल, अंगावर येईल, असं वीरण्णाला वाटलं. आला असता तर बरंच झालं असतं. म्हातारा हळूच म्हणाला, ‘मग बराबर हाय. मोठ्या माणसानं दुसऱ्यांदा सांगितलं की मोडायचं न्हाई, हे मीच शिकवलं व्हतं त्याला.’

वीरण्णा तिथंच मातीत बसला आणि लहान लेकरासारखा रडला. ग्यानोबानं त्याला रडू दिलं. सांत्वन केलं नाही, का करावं?

‘ठाण्यात चला बाबा,’ शेवटी वीरण्णा म्हणाला. ‘लिहून देतो समदं. माझं काय व्हायचं ते होऊ द्या.’

‘हाव, जाऊ. पर आधी घरी चला. सून रोज इचारती, मामा, त्यास्नी एवढी कशाची घाई झाली व्हती? मला उत्तर देता येत न्हाई.’

घर हाकेच्या अंतरावर होतं. सून वर्षाराणी दारात आली. कडेवर वर्षभराचं लेकरू होतं. अनोळखी माणूस बघून तिनं पदर सावरला आणि सासऱ्याकडं पाहिलं. ग्यानोबा बाजूला सरला.

‘ताई,’ वीरण्णा म्हणाला, ‘त्यास्नी घाई नव्हती. ते थांबले व्हते. मीच थांबू दिलं न्हाई.’