तांदळातलं नाव

माझं सगळं तारुण्य एका जनुकामागे गेलं. शरीरात डीएनए रोज तुटतो आणि रोज सांधला जातो. आमच्या केळीच्या बागेत उंदरानं ठिबकची नळी कुरतडली की माझा भाऊ तिथे जोड टाकतो, तसंच हे काम. जोड टाकणारं जनुकच बिघडलेलं असलं की कॅन्सरला वाट मोकळी होते, आणि तो बिघाड आईबापाकडून लेकरांत उतरू शकतो. पुण्यात मी वीस वर्षं हेच बघते आहे. जळगावला गेलं की नातेवाईक विचारतात, "औषध कधी काढशील?" मला दरवेळी राग येतो.

शिरपूरजवळच्या एका शेतकरी घरातली आई आणि मावशी, दोघी अंडाशयाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. मागे दोन मुली. थोरली दोंडाईच्याला दिलेली, धाकटी सोनगीरला. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, ओट्यावर बसून मला सगळं कूळ सांगितलं आणि मी कागदावर वंशावळ काढत गेले. मुलींची सासरची नावं विचारली नाहीत. या मुलखात जन्मलेली बाई मी, मला काय शिकवायचं!

मुलींनी धुळ्यात रक्त दिलं. तिथल्या परिचारिकेनं आधार कार्ड पाहून नळ्यांवर नावं लिहिली आणि नळ्या पुण्याला पाठवल्या. एक नाव माझ्या वंशावळीतल्या थोरलीशी जुळलं. दुसरं कुठेच सापडेना. लग्नात बदललं असणार, म्हणून ती नळी मी धाकटीची धरली.

निकाल आला. थोरलीला काही नाही, धाकटीत बिघाड. खात्रीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासलं, तोच निकाल. तपासलं मात्र त्याच नळ्यांतलं रक्त. थोरलीनं दोंडाईच्यात पेढे वाटले. धाकटी पस्तिशीची, पदरी एक मुलगी, दुसऱ्या लेकराची फार हौस. तिनं आठ दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं आणि मग अंडाशय काढून घ्यायला तयार झाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मी तिला भेटायला धुळ्याच्या रुग्णालयात गेले. ती खाटेवर बसून मुलीची वेणी घालत होती. परिचारिकेनं दारातून संमतीपत्रावरचं नाव पुकारलं. ते आबांनी सांगितलेलं थोरलीचं नाव होतं, आणि "हो" म्हणत उठली ती धाकटी.

मी संमतीपत्र मागून घेतलं आणि नाव पुन्हा वाचलं.

"हे तर तुझ्या बहिणीचं नाव ना?"

ती लाजली. "व्हतं. तिनं नाव सासरले बदली गयं, मंग ते मोकळंच व्हतं ना! माले लहानपनपासून आवडे. लगीनमा यासनी तांदूळमा अंगठीघाई नाव लिखं, तवय मीच सांगं, हाईच लिखा."

म्हणजे जुळलेली नळी धाकटीची होती आणि न जुळलेली थोरलीची. यंत्रं दोन्ही वेळा खरं बोलली होती, चुकले होते मी. माझ्या आईचंही नाव लग्नात असंच, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून, बदललेलं, आणि मी मात्र अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. मी डॉक्टरांच्या खोलीकडे अक्षरशः पळत गेले. ते भडकले, आणि त्यांनी भडकायलाच हवं होतं. शस्त्रक्रिया थांबली.

दुसऱ्या दिवशी थोरली दोंडाईच्याहून आली. "नळ्यांत घोळ झालाय, पुन्हा रक्त द्यावं लागेल," एवढंच मी तिला सांगितलं. त्यापुढचं बोलायची हिंमत झाली नाही. या वेळी मी समोर उभी राहून दोघींच्या नळ्यांवर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलं. मग निकाल येईपर्यंतचे दिवस. मला जेवण जाईना. धाकटी सुटावी असं वाटे, आणि तसं वाटणं म्हणजे थोरलीचं वाईट चिंतणं, हेही कळे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

निकाल सांगायला मी दोंडाईच्याला गेले. थोरलीनं मला पाटावर बसवून पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं.

"माले काही नही शे असं तूच सांगेल व्हतं, ताई."

"हो."

"मंग इतला दिन धाकलीनी जे सोसं, ते मन्हं व्हतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती रडली नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं फोन लावला आणि बहिणीला एवढंच म्हणाली, "तू सुटनी वं माय." मग फोन ठेवला आणि अंगणाकडे पाहिलं. तिथे तिच्या दोघी मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या.

"यासनं पन रक्त लागी का?"

"आता नाही. मोठ्या झाल्यावर."

"लगीन व्हवावर?"

"तेव्हाही चालेल."

"तवय यासनं नाव कोनलेच बदलू देवाव नही मी," ती म्हणाली. "तुले सापडाले पाहिजेत."