सात पानांचा गुलाब

माझ्या गच्चीवर एकेचाळीस कुंड्या आहेत आणि त्यांतल्या एकाही रोपाला मी विकणाऱ्याने मागितली तेवढी किंमत दिलेली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, सवयच आहे. मार्केट यार्डात मी बारदानाचा धंदा केला. बारदान म्हणजे रिकामी पोती. अठराव्या वर्षी पुण्यात आलो तेव्हा फाटकी पोती गोळा करायची, दाभणाने शिवायची आणि पुन्हा विकायची, एवढंच मला येत होतं. पुढे स्वतःचा गाळा झाला, कोथरूडला घर झालं, घराला गच्ची मिळाली. गाळा आता मुलगा बघतो. मी आठवड्यातून दोनदा जातो, कुणावर तरी ओरडतो आणि परत येतो.

गुलाबसुद्धा घासाघिशीतूनच आले. एक नर्सरीवाला आमच्याकडे पोती न्यायला यायचा. एकदा सौदा अडला. तो वर चढेना, मी खाली उतरेना. शेवटी म्हणालो, "ठीक आहे, तुझा भाव. पण वर दोन गुलाबाची रोपं दे." मला गुलाबांचं काही पडलेलं नव्हतं. वर काहीतरी घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. डिसेंबरात त्यातलं एक फुललं. चहाचा कप हातात घेऊन बघत उभा राहिलो, तो चहाचं पार पाणी झालं. पुढच्या वेळी मी त्याच्याकडे चार रोपं मागितली.

आता थंडीत सकाळी सातला गच्चीवर जाणं हे माझं सुख आहे. ऑक्टोबरात छाटणी केली की पंचेचाळीस दिवसांनी कळ्या डोकं वर काढतात. ग्लॅडिएटर लाल, जाड, लांब दांड्याचा; एक फूल कापलं तरी हात भरल्यासारखा वाटतो. डबल डिलाइट सायीच्या रंगाचा उमलतो आणि ऊन लागेल तसा कडेने लाल होत जातो, आणि वास असा की खाली स्वयंपाकघरात कळतं. पीस पिवळा, गुलाबी कडेचा. तो मात्र नाजूक, जरा ऊन तापलं की तोंड पाडतो. समर स्नो घोसाने पांढरा फुलतो. त्याला काटे जवळजवळ नाहीत, म्हणून बायकोला तो आवडतो. कोपऱ्यात दोन गावठी गुलाब आहेत, त्यांच्या पाकळ्यांचा ती बरणीत साखर घालून गुलकंद करते. या सगळ्यांत मी खुरपं घेऊन फिरत असतो. तेवढा वेळ मी कुणावर चिडत नाही, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

चिडण्यासारखी एक गोष्ट मात्र याच गच्चीवर होती, पत्र्याच्या अर्ध्या पिंपात लावलेली.

सहा-सात वर्षांपूर्वी एका हातगाडीवाल्याकडून संध्याकाळी उरलेलं, सुकत आलेलं एक रोप मी निम्म्या भावात उचललं होतं. दोन महिन्यांत त्याच्या बुंध्यातून, अगदी मातीजवळून, एक फांदी फुटली. सरळ, जाडजूड, पोपटी. पावसाळा संपेपर्यंत ती माझ्या खांद्याला आली. मला कोण आनंद झाला. एका रोपाच्या पैशात दोन झाडं! वरची मूळची फांदी रोडावत चालली होती, म्हणून मी तीच कापून टाकली. कामाचा ठेवायचा, रडका काढायचा, असं मी गाळ्यावरही केलेलं आहे. मग ते झाड पिंपात हलवलं. शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचं खत, काही कमी पडू दिलं नाही. फूल अजून आलं नव्हतं, पण झाडाचा तोरा असा की आमच्या भागातल्या सोसायट्या दर जानेवारीत गच्चीवरच्या बागांची स्पर्धा घेतात, तिच्यात मी नाव दिलं. पहिला नंबर माझाच, असं चार लोकांना सांगूनही टाकलं.

परीक्षक म्हणून बाई आल्या. बाई म्हणजे दोन गल्ल्या सोडून जुन्या तीन मजली इमारतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. गुलाबांतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं या भागात कुणाला कळत नाही, हे मला तेव्हाही मान्य होतं. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा लावून त्या सगळ्या कुंड्यांवरून फिरल्या. पिंपापाशी थांबल्या, एक देठ हातात धरला आणि बोटाने पानं मोजली.

"पाच असायला हवी होती. ही सात आहेत," म्हणाल्या.

"मग जास्तच आहेत की," मी म्हणालो.

"छान वाढवलाय. पण हा खुंट आहे हो. खाली जंगली गुलाब असतो, त्याच्यावर चांगल्या गुलाबाचं कलम बांधतात. तुम्ही कलम कापून टाकलंत आणि खुंटाला खत घातलंत." मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "फुकट मिळाला असेल."

गच्चीवर पंधरा-वीस माणसं होती. सगळी हसली. माझी बायकोही हसली, ते मी तिला अजून ऐकवतो. बाईंना मी त्यावर काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांच्या शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे काय म्हणत असतील इथून सुरुवात झाली होती. त्या शांतपणे जिना उतरून गेल्या.

नंतर मी चौकशी केली. त्यांचं बरोबर होतं. चुकीचं असतं तर आठ दिवसांत विसरलो असतो.

दुसरं असं, की त्यांच्या इमारतीच्या कुंपणाला एक गुलाब होता. गर्द लाल, सावलीत काळाच वाटणारा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत वास यायचा. जातीचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी यजमानांनी कुठूनसा आणला, त्याची चिठ्ठी हरवली, यजमान गेले, झाड राहिलं. हा गुलाब मी कुठल्याच नर्सरीत पाहिलेला नाही. स्पर्धेच्या आधी मी एकदा त्यांना म्हणालो होतो, "बाई, एक फांदी द्या. काय घ्याल बोला." त्या म्हणाल्या, "काही घेणार नाही आणि देणारही नाही. तुम्ही मारून टाकाल." इतरांना त्यांनी फुकट फांद्या दिल्या होत्या. कुणाकडेच जगल्या नाहीत ही गोष्ट वेगळी.

तेव्हा पिंपातला खुंट मी उपटला नाही. दर ऑक्टोबरात त्याला बुडापर्यंत छाटायचो, पुन्हा तो तरारून यायचा. राग जपायला एक जागा हवी, ती पिंपात होती. आणि दर डिसेंबरात स्कूटर मुद्दाम त्यांच्या गल्लीतून काढायचो, त्या वासासाठी. हे बायकोलाही माहीत नव्हतं.

यंदा थंडीत, एका रविवारी सकाळी मी छाटणीची कात्री पुसत होतो. बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, बाई आल्यात."

"कोण बाई?"

"तुमच्या."

बाई दोन जिने चढून वर आल्या, कठड्याला टेकल्या, श्वास घेतला. पंचाहत्तरी उलटली असेल. म्हणाल्या, "आमची इमारत पाडतायत. नवीन व्हायची आहे. महिन्याअखेर सगळे बाहेर. मी चौथ्या मजल्यावर भाड्याने चाललेय."

"कळलं मला."

"झाड हलत नाही. माळी आणून पाहिला. बुंधा मनगटाएवढा आहे, मुळं भिंतीखाली गेलीत. फांदी लावून ते जगत नाही. खुंटावर त्याचा डोळा भरून कलमच करावं लागेल." मग पिंपाकडे बघत म्हणाल्या, "तो खुंट आहे ना अजून?"

सहा वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो, फक्त तो कसा येईल हे माहीत नव्हतं. कात्री खाली ठेवली. "आहे. पण बाई, माझी एक अट आहे. त्या दिवशी जे बोललात ते यंदाच्या स्पर्धेत सगळ्यांसमोर मागे घ्यायचं."

"ते कसं घेऊ? खुंटच होता. म्हणून तर आलेय."

बायको चहा घेऊन आली होती, ती पदर तोंडाला लावून पुन्हा खाली गेली.

"बरं," मी म्हणालो, "मग झाड माझं राहील."

"झाड तुमचं. पहिलं फूल माझं."

"डोळे किती द्याल?"

"दोन."

"चार."

"तीन. आणि एक सांगते, डोळे तुम्ही भरायचे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "मला आता चाकू धरवत नाही. तुम्ही पोती शिवायचात म्हणे."

त्यांच्याबद्दल मला काय काय माहीत होतं ते मी सहा वर्षं मोजत आलो होतो. माझ्याबद्दल त्यांना हे माहीत होतं, याचं मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या कुंपणावरून पेन्सिलीएवढी एक फांदी कापली आणि ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणली. बाई रिक्षाने आल्या. खुर्चीवर बसून त्या सांगत गेल्या आणि मी करत गेलो. खुंटाच्या तीन काठ्यांवरचे काटे काढले. प्रत्येक काठीच्या सालीला आडवा आणि उभा असा छेद दिला. चाकूच्या मागच्या टोकाने साल उचलली. बाईंच्या फांदीवरचा, देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे बारीक कोंब, सालीच्या पापुद्र्यासकट काढला आणि आत सरकवला.

"वर-खाली बघा. उलटा बसवाल."

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर सहा वर्षांपूर्वीच दिसलं असतं."

प्लॅस्टिकची पट्टी डोळा उघडा ठेवून घट्ट गुंडाळायची होती. आमच्या यार्डात पूर्वी सौदे रुमालाखाली हात धरून व्हायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने कुणी बोलायचं नाही. तसं झालं. त्यांनी थरथरत्या बोटाने पट्टीचं टोक दाबून धरलं आणि मी वेढे दिले.

"तीन आठवडे," त्या उठताना म्हणाल्या. "रोज हात लावून बघू नका. तुमचा तो स्वभाव आहे."

दहाव्या दिवशी त्यांच्या इमारतीचं कुंपण पाडलं. मी स्कूटरवरून गेलो तेव्हा जेसीबीने भिंतीसकट झाड उखडून राडारोड्यात टाकलं होतं. दोन फांद्या अजून हिरव्या होत्या. चालकाशी मी भांडलो. त्याचा काही दोष नव्हता. त्या हिरव्या फांद्या काढून घरी आणल्या, पण त्या वाळल्या. म्हणजे आता जगात तो गुलाब होता तो फक्त माझ्या पिंपात, तीन पट्ट्यांखाली.

बाराव्या दिवशी एक डोळा काळा पडला. सोळाव्या दिवशी दुसरा. मी बाईंना कळवलं नाही. बायको म्हणाली, "सांगा त्यांना." मी म्हणालो, "काय सांगू? मारून टाकला म्हणून?" त्या रात्री जेवलो नाही असं ती सांगते, मला आठवत नाही.

तिसरा हिरवा राहिला. बाविसाव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा डोळा गव्हाच्या दाण्याएवढा फुगला होता. तेव्हा फोन केला.

"एक लागलाय," मी म्हणालो. "दोन गेले."

बाई म्हणाल्या, "एक पुरे. आता त्या डोळ्याच्या वर चार बोटं काठी ठेवा आणि बाकीचं सगळं कापा."

"सगळं?"

"सगळं. बाकीच्या काठ्यासुद्धा बुडातून. नाहीतर खुंट त्याला खाऊन टाकेल."

सहा वर्षांचा पोसलेला खुंट. पोपटी, तरारलेला, डोक्याच्या वर गेलेला. मी कात्री लावली, काढली, पुन्हा लावली. फुकट मिळालेली वस्तू मी आयुष्यात टाकलेली नाही. मग कापला. पिंपात एक टीचभर काठी आणि तिच्यावर लालसर कोंब एवढंच राहिलं. कापलेल्या फांद्यांचा भारा पायाशी पडला होता, तो बायकोने उचलला. मला म्हणाली, "बरं केलंत." एवढंच.

चैत्रात कळी आली. ऊन तापलं होतं, म्हणून मी पिंपावर जुनं पोतं उसवून सावलीला बांधलं. कळी उमलायला लागली त्या सकाळी रिक्षा पाठवून बाईंना बोलावलं. त्या पिंपासमोर खाली बसल्या, चष्मा लावला, देठावरची पानं मोजली. पाच होती. मग फुलाला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"लहान आलंय," म्हणाल्या.

"उन्हाळ्यात लहानच येतं. डिसेंबरात बघा."

"राहू दे झाडावर. कोवळं आहे अजून."

"नाही. ठरलं ते ठरलं." मी कात्री घेतली आणि फूल कापून त्यांच्या हातात दिलं. दिलेला शब्द मी मोडत नाही. त्यांनी ते पदराच्या आडोशाला धरलं, रिक्षात वारा लागू नये म्हणून.

जिन्याकडे वळताना त्या थांबल्या. पुन्हा वाकल्या. पिंपात मातीलगत, कलमाच्या खालून, एक पोपटी फुटवा निघाला होता, करंगळीएवढा. मला तो दिसला नव्हता. त्यांनी तो चिमटीने मुळातून तोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"फुकट आहे," म्हणाल्या. "ठेवायचाय का?"

बायको जिन्यात उभी राहून हसली. राग मला आला, नाही असं नाही. येत्या जानेवारीत हा गुलाब मी स्पर्धेत ठेवणार आहे आणि परीक्षक बाईच आहेत. तो फुटवा मी त्यांच्यासमोरच खताच्या डब्यात टाकला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडायला खाली गेलो.