मुखरू शिंपी जंगलात हाका मारतो

पोंभुर्ण्याच्या मुखरू शिंप्याचे पाय दिवसभर हलायचे, पण तो जागचा हलायचा नाही. मशीनवर बसला की पाय खालीवर, खालीवर, आणि वर ऐट अशी, "मी रोज बसल्या जागी दोन कोस चालतो जी!" बाजारात जायचं झालं तरी कुणाच्या तरी बैलगाडीला मागून लोंबकळून जाई.

त्याची बायको रंभा. तिचं माहेर घोट गावाच्या पलीकडं, जंगलात. माघात तिचा बाप आजारी पडला, तेव्हा भाऊ सोमाजी तिला न्यायला पायी आला. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी बी चला ना." मुखरू म्हणाला, "येवढं चालनं माह्या पायाले कुठी जमते?"

म्हातारा वाचला. पण मरणाच्या दारातून परतलेल्या सासऱ्याला पाहायला जावई आला नाही, हे तिच्या माहेरगावात घरोघर झालं. रंभाच्या ते जिव्हारी लागलं. फागुन निम्मा सरला तरी ती परतेना. एका गाडीवानाबरोबर निरोप तेवढा आला, "पायी न्यायले आले तर येईन. गाडीत बसून आले तर तसेच वापस जा म्हनाव."

मुखरूनं काही दिवस हातानं भात रांधला. खालून करपलेला, वरून कच्चा. शेवटी निघाला. कुणी विचारलं तर भाताचं कारण सांगायचा. घर खायला उठलं होतं, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

सोबतीला कुत्रा, वाघ्या. रंग पिवळा, अंगावर दोनचार काळे पट्टे, आणि धीर उंदराचा. त्याचा सारा जन्म मशीनखाली चिंध्यांवर गेलेला. जंगल दोघांनीही लांबूनच पाहिलेलं. मुखरूनं गोधडी घेतली, शिदोरी घेतली, आणि वाघ आलाच तर असावी म्हणून कात्री घेतली.

वैनगंगेला डोंगेवाला उभा होता. मुखरू विचारात पडला, डोंगा हा गाडीत मोडतो की काय? उगाच भानगड नको म्हणून धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरला. वाघ्या डोंग्यात बसून गेला. त्याला अट नव्हती.

सांज झाली तेव्हा पाय नाही म्हणाले. एका झाडाखाली मऊ जागा पाहून त्यानं गोधडी अंथरली. जागा मऊ का होती, ते मुंगळ्यांनी लगेच समजावलं. तो धोतर झटकत नाचत होता, तोवर वाघ्यानं शिदोरी संपवली.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायला बायामाणसं उजाडायच्या सुमाराला टोपल्या घेऊन जंगलात येतात. मुखरूला हे काय ठाऊक? डोळे उघडले, तर कुत्रा जागेवर नाही, एवढंच त्याला दिसलं. उपाशीपोटी जेवढं ओरडवेल तेवढ्यानं तो ओरडला,

"वाघ्या! ये रे वाघ्या, ये! मी इथी बसलो! लवकर ये!"

आता, जंगलात वाघाचं नाव कुणी घेत नाही. 'मोठा' म्हणतात. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्यालाच बोलावलं. आणि इथं तर कुणी चक्क आवतण देत होतं. टोपल्या एकीकडं, बाया दुसरीकडं. एक म्हातारी, जिला घरात उठून उभं राहायला सुनेचा हात लागायचा, ती कुणाच्या हाताशिवाय मोहावर चढून बसली.

शेजारच्या झाडावरून लालसू नावाचा गोंड म्हातारा गरजला, "कोन आहे बे तू? मोठ्याले नाव घेऊन बोलावते, वरून पत्ता बी सांगते!"

"माहा कुत्रा हरवला जी."

"कुत्रा? अन् कुत्र्याचं हे नाव?"

तेवढ्यात झुडपातून वाघ्या आला. तोंड मोहाच्या फुलांनी चिकट, शेपूट पायात. माणसं पाहून तो मुखरूच्या धोतरामागं लपला. झाडावरची म्हातारी म्हणाली, "हाच काय रे तुहा मोठा? मले उतरव आधी!"

पुढं जंगल दाट होतं. लालसू म्हणाला, "आमच्या संग चल. पन ते नाव पुन्हा तोंडातून निघालं नाई पायजे."

"मंग काय म्हनू?"

म्हातारीनं विचारलं, "तू चालला कुठी?"

"सासुरवाडीले."

"मंग जवाई म्हन. काम नाई, धंदा नाई, खायले पुढं."

तिनं भाकरीचा तुकडा दाखवला, आणि वाघ्या पहिल्याच हाकेला जवाई झाला.

ती माणसं आपल्या गावाकडं वळल्यावर मुखरूच्या तळपायांना फोड आले. त्यानं चिंध्या बांधल्या. घोटाच्या पुढं एक रिकामी गाडी आली. गाडीवान म्हणाला, "बस ना भाऊ, कोन पाह्यते?" मुखरूनं हातानं गाडी धरली. मग एकेक बोट करून तो हात सोडवला. उभ्या जन्मात त्यानं एवढं जड काही उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला पोचला, तर सासुरवाडीच्या दारात सोमाजी उभा. "काय जवाई, गाडी गावाबाहेरच सोडली काय?"

आपलं नाव ऐकून कुत्रा सोमाजीच्या पायाशी जाऊन बसला.

"पायी आलो," मुखरू म्हणाला.

"कोनं पाह्यलं?"

मुखरूनं कुत्र्याकडं पाहिलं. साक्षीला कुत्रा, तोही फितूर झालेला. दाराआड रंभा उभी होती. ती काय म्हणते, यावरच सगळं होतं. ती बाहेर आली.

"दादा, काल तूच सांगत होता ना? मोहाच्या जंगलात कोनी येडा मोठ्याले नाव घेऊन बोलावून राह्यला, बुढ्याबाढ्यांले झाडावर चढवून राह्यला म्हनून?"

"हव."

"मंग? आमच्या कुत्र्याचं नाव मले माहीत नाई काय? मी कालपासूनच दोन मुठी तांदूळ जास्त टाकून राह्यली."

सोमाजीला हसू आवरेना. आत खाटेवरून सासरा खोकला आणि म्हणाला, "या जवाई. मी बरा झालो तं पाह्यले आले काय?"

मुखरूनं वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. वाकला तो सरळ होईना, दोघांनी धरून उठवला.

फोड फुटले, सुजले. परतायच्या दिवशी सोमाजीनं गाडी जुंपली. मुखरू चाकाजवळ उभा राहून बायकोकडं पाहत होता.

"आता बसू काय?"

"न्यायले पायी याचं, येवढंच मी बोलली होती," रंभा म्हणाली. "वापस जाचं काई बोलली नाई." तिनं लुगडं आवरलं, आधी चढली, हात देऊन त्याला वर घेतलं, आणि भावाला म्हणाली, "दादा, बैलं हळू हाक. गाडी आदळली तं ह्यांच्या पायाले लागन."