अवसेला उतरवलेले शॉकअप
ग्रीसचा वास आला की मला आमच्या दारातली ती अमावस्या आठवते. थोरल्या लेकानं सकाळीच गाडीची पुढची चाकं काढून झिजलेले शॉकअप उतरवले होते. नवे बसवणार, तेवढ्यात मी आडवी आले. म्हटलं, "अवसेला गाडीला नवं लोखंड लावायचं न्हाय." तो म्हणाला, "आई, गाडीला तिथी कळती व्हय?" "मला कळती की. उद्या लाव." त्यानं पाना खाली ठेवला. दुपारी मुरगूडहून भाच्याचा फोन आला, "मावशी, आई सारखं तुझंच नाव घेतीया, लगेच ये." गाडी पुढच्या चाकांविना विटांवर उभी होती. एसटीनं पोचले तेव्हा बहिणीला शेवटची आंघोळ घालत होते. लेक त्यावरून आजवर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते.